चारचाकीचं ऑइल मोटारसायकलला चालतं का?



बचत गटाचं कर्ज शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, पिठाच्या गिरणीसाठी घेतलं जातं. हल्ली मोटारसायकलसाठीही मागणी येते. दुधाचे कॅन डेअरीला पोचवायचे, आठवडी बाजारात पापड-मसाले न्यायचे, तर एसटीच्या वेळेवर भागत नाही. पण हप्ता बाईच्या नावावर आणि गाडीत काय टाकायचं हे ठरवणार घरातला पुरुष, नाहीतर मिस्त्री, असं बऱ्याच घरांत चालतं. म्हणून आज ऑइलबद्दल बोलू या.

घरात जीप किंवा टेम्पो असतो. त्याच्या मोठ्या कॅनमधलं लिटरभर ऑइल उरतं. मग कुणीतरी म्हणतं, "इंजिन ऑइलच तर आहे, टाका मोटारसायकलला, कशाला वेगळे पैसे घालवता?" ऐकायला अगदी काटकसरीचं वाटतं. पण दोन्ही गाड्यांच्या पोटातली रचना वेगळी आहे.

जीपमध्ये इंजिनचं ऑइल फक्त इंजिनात फिरतं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि क्लच कोरडा असतो, त्याला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नसतो. आपल्या रोजच्या गिअरच्या मोटारसायकलीत मात्र एकच ऑइल इंजिनाला, गिअरला आणि क्लचलाही पुरतं. क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलात भिजत असतात. आता इंजिनाला हवी घसरण आणि क्लचला हवी पकड. विहिरीच्या रहाटाच्या कण्याला तेल दिलं की रहाट हलका फिरतो; पण तेच तेल दोराला लागलं तर भरली घागर हातातून निसटते. तसंच हे.

चारचाकीच्या बऱ्याच नव्या ऑइलांत इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात, विशेषतः पातळ ऑइलांत. जीपला त्यांचा फायदाच होतो. मोटारसायकलीत तीच रसायनं क्लचच्या प्लेटांवर बसतात आणि प्लेटा एकमेकींवरून घसरू लागतात. मग गाडी रेस होते, आवाज वाढतो, पण पळत नाही. सपाट रस्त्यावर हे कळतही नाही. मागे दोन कॅन बांधलेत, चढ लागलाय, पाठीमागून ट्रक येतोय, तेव्हा कळतं. प्लेटा तशाच घासत राहिल्या की जळतात. नव्या प्लेटा आणि मजुरी धरली, तर वाचवलेल्या बाटलीपेक्षा खर्च जास्तच होतो, शिवाय त्या दिवसाचं दूध घरी राहतं ते वेगळंच.

दुसरी गोष्ट गिअरची. गिअरचे दात ऑइल सतत चेंगरत असतात, त्यामुळे त्याचा दाटपणा कमी होतो. त्यात मोटारसायकलचं इंजिन लहान, जास्त वेगानं फिरणारं आणि बहुतेक वेळा वाऱ्यावरच थंड होणारं. मोटारसायकलचं ऑइल हे सगळं धरून बनवलेलं असतं.

कुणी म्हणेल, "आम्ही वर्षानुवर्षं टाकतोय, काही झालं नाही." खोटं नाही ते. चारचाकीच्या प्रत्येक ऑइलात ही रसायनं नसतात. दाट ऑइलांत सहसा कमी असतात. पण तुमच्या कॅनमध्ये काय आहे हे रंगावरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. आणि "महागाचं आहे म्हणजे चांगलंच असणार" हे तर इथं अजिबात चालत नाही. कारचं महागडं पातळ ऑइलच क्लचला जास्त त्रास देण्याची शक्यता.

मग ओळखायचं कसं? बाटलीवरचं मोटारसायकलचं चित्र पाहू नका. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'जासो' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ही जपानी मानकं, १९९८ सालापासून आहेत. त्यापुढे एमए, एमए१ किंवा एमए२ असेल, तर ते ऑइल भिजलेल्या क्लचसाठी तपासलेलं आहे. चष्मा नसेल तर शाळेतल्या पोरीला वाचायला सांगा, तिला ती अक्षरं बरोबर सापडतात. जीपच्या कॅनवरही एमए असेल आणि दाटपणा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतल्यासारखाच असेल, तर खुशाल वापरा. पुस्तिकेत १० डब्ल्यू ३० लिहिलं असेल तर तेच घ्यायचं, मिस्त्रीनं "अजून दाट टाकू" म्हटलं तरी.

एमबी लिहिलेलं ऑइल बिनगिअरच्या स्कूटरसाठी असतं. तिचा क्लच कोरडा आणि वेगळा असतो, म्हणून तिथं जास्त घसरण चालते, थोडं ॲव्हरेजही मिळतं. पण घरात स्कूटर आणि मोटारसायकल दोन्ही असतील तर स्कूटरची बाटली मोटारसायकलीत रिकामी करायची नाही.

आधीच जीपचं ऑइल टाकून झालं असेल आणि क्लच घसरत असेल, तर क्लचची तार आवळत बसू नका. ऑइल काढून एमए टाका. प्लेटा जळाल्या नसतील तर बऱ्याचदा थोड्या दिवसांत पकड परत येते.

ऑइल बदलताना शक्य असेल तर स्वतः समोर उभ्या राहा. बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडू दे. रिकामी बाटली विळीनं कापूनच भंगारात द्या, म्हणजे तिच्यात कुणी बनावट ऑइल भरून परत विकणार नाही. आणि निघालेलं काळं ऑइल ओढ्यात ओतू नका. गॅरेजमध्ये त्यासाठी पिंप ठेवलेलं असतं, त्यात टाकायला सांगा.