छावणींतील अपंग स्त्री

संकटांत सांपडलेल्या लोकांना अन्न, वस्त्र व निवारा दिला कीं साहाय्याचें काम पुरें झालें, असा समज सुशिक्षित घरांतूनही आढळतो. शिधा वांटला, पण तो आणावयास कोण गेलें? पाण्याचा पंप बसविला, पण तो किती पायऱ्या खालीं आहे? संडास बांधला, पण त्याला आंतून कडी आहे काय? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. परंतु जिला दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं किंवा जिचे पाय चालत नाहींत, अशा स्त्रीची सुरक्षितता याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

२५ ऑगस्ट २०१७ पासून पुढच्या कांहीं महिन्यांत म्यानमारच्या राखाइन प्रांतांतून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या लोक जीव मुठींत धरून बांगलादेशाच्या कॉक्स बझार जिल्ह्यांत आले. कुतुपालोंग येथील टेकड्यांवरची झाडी तोडून, माती तासून, बांबू व ताडपत्री यांच्या झोपड्यांची एक अफाट छावणी तेथें वसली. तिचें चित्र डोळ्यांपुढें आणल्याशिवाय पुढील विवेचन नीट उमगावयाचें नाहीं. झोपडी टेकडीच्या माथ्यावर, तर पाणी पायथ्याशीं. आणि मध्यें मातींत खोदलेल्या, बांबूनें किंवा वाळूच्या पोत्यांनीं अडविलेल्या उभ्या पायऱ्या. पाऊस लागला म्हणजे त्या शेवाळल्यासारख्या निसरड्या होतात. धडधाकट माणसानेंही दुसऱ्याचा हात धरून उतरावें, अशी ती वाट.

साहाय्यसंस्थांनीं आपल्या कामासाठीं कांहीं प्रमाणें ठरविलेलीं आहेत. ‘स्फिअर’ नांवाच्या हस्तपुस्तिकेच्या २०१८ च्या आवृत्तींत असें म्हटलें आहे कीं, सामाईक संडास झोपडीपासून ५० मीटरांहून दूर नसावा, एका संडासावर २० हून अधिक माणसांचा भार नसावा आणि त्यास आंतून कडी व जवळ पुरेसा उजेड असावा. प्रमाणें चांगलीं आहेत. परंतु मोजपट्टी सपाट जमिनीवर धरलेली असते; उभ्या उतारावरचे ५० मीटर काठी टेकीत जाणाऱ्या स्त्रीला कोसासारखे वाटतात. अशा वेळीं पुष्कळ स्त्रिया एक निराळाच उपाय करतात. दिवसभर पाणीच कमी प्यावयाचें, म्हणजे रात्रीं बाहेर पडण्याची वेळ येत नाहीं. आजार पत्करला, पण अंधार नको!

जिला एकटीनें जातां येत नाहीं, तिला सोबत हवी. आणि या सोबतींतच अर्धें संकट दडलेलें असतें. अत्याचार करणारा परका, आडवाटेवर दबा धरून बसलेला, अशी सामान्य कल्पना असते. प्रत्यक्षांत तो अनेकदां ओळखीचाच निघतो: शिधा आणून देणारा शेजारी, हात धरून नेणारा नातेवाईक, क्वचित् साहाय्य वांटणारा स्वयंसेवकही. ज्याच्यावांचून पाणी मिळत नाहीं, त्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची म्हणजे उद्यांचें पाणी तोडून घ्यावयाचें. हा हिशेब तिला कोणी शिकवावा लागत नाहीं.

स्वयंसेवकांविषयींचें वरील विधान उगाच केलेलें नाहीं. २००२ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन या देशांतल्या निर्वासितांत चौकशी झाली, तेव्हां धान्याच्या मोबदल्यांत मुलींचा उपभोग घेतल्याचे आरोप साहाय्य करणारांवरच आले. त्यानंतर २००३ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनीं नियम काढून असा व्यवहार स्पष्टपणें निषिद्ध केला. नियम झाला हें उत्तमच. पण जो फलकावर लिहिला जातो तो आंधळीला दिसत नाहीं, आणि तक्रारीची पेटी खांद्याइतक्या उंचीवर टांगली कीं चाकांच्या खुर्चीवरील स्त्रीचा हात तेथें पोंचत नाहीं.

बहिऱ्या स्त्रीची अडचण याहूनही बिकट. तिच्यावर अत्याचार झाला आणि ती तक्रार नोंदविण्यास आली, अशी कल्पना करावी. तिच्या खुणा बाहेरच्यांना कळत नाहींत. शाळेचें तोंड न पाहिल्यामुळें शिकविली जाणारी सांकेतिक भाषा तिला येत नाहीं. ज्या खुणा येतात त्या घरांतल्याच. साहजिकच दुभाष्या म्हणून घरांतील माणूस पुढें केला जातो. आणि तक्रार त्याच माणसाविरुद्ध असेल तर? तो शांतपणें सांगेल, “हिला कांहीं कळत नाहीं,” आणि वहींत तसेंच लिहिलें जाईल. बुद्धीनें मंद असलेल्या मुलीच्या बाबतींत तर तेंही विचारण्याची तसदी घेतली जात नाहीं. तिचा शब्द अगोदरच खोटा धरलेला असतो.

बुरुंडी, इथिओपिया, जॉर्डन व रशियाचा उत्तर कॉकेशस या चार ठिकाणीं दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनीं मिळून प्रयोग केले व २०१५ मध्यें त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. तींत अपंगांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांकडेही लक्ष वेधलेलें आहे. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून दहा-बारा वर्षांची मुलगी सरपण आणावयास एकटी जंगलांत जाते. अपंग आई असते, पण धोका मुलीच्या वाट्याला येतो. कुतुपालोंगच्या बाजूला २०१८ पासून झोपड्यांतून शेगडीचा गॅस देण्यास प्रारंभ झाला, तो वनरक्षणासाठीं म्हणून गाजला. परंतु सरपणाची ती वाट टळणें हा लाभ कमी मोलाचा नव्हता.

जगांत दर ६ माणसांत १, म्हणजे सुमारें १३० कोटी माणसें, कोणत्या ना कोणत्या अपंगत्वासह जगत आहेत, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी छावणीच्या याद्यांतून तीं गळतात, कारण “घरांत कोणी अपंग आहे काय?” असें विचारल्यास लाजेनें “नाहीं” असें उत्तर येतें. म्हणून आतां निराळे सहा साधे प्रश्न विचारण्याची रीत पडली आहे: पाहण्यास, ऐकण्यास, चालण्यास, लक्षांत ठेवण्यास, स्वतःचें स्नान-वस्त्र करण्यास आणि दुसऱ्याला समजण्यास वा समजावण्यास किती अडचण पडते? नांव न घेतां माणूस सांपडतें.

हें सर्व परदेशांतलें म्हणून सोडून देतां येत नाहीं. पूर व भूकंप या देशालाही नवे नाहींत. भारतांतील २०१६ च्या अपंगहक्क कायद्यानें नैसर्गिक आपत्तींत समान संरक्षणाचा हक्क दिला आहे. २०१३ पासून फौजदारी कायद्यांत अशीही तरतूद आहे कीं, लैंगिक अत्याचाराची फिर्याद अपंग स्त्रीची असेल तर पोलिसांनीं तिच्या घरीं किंवा ती निवडील त्या सोयीच्या जागीं जाऊन, दुभाष्या अथवा विशेष शिक्षक यांच्या समक्ष ती नोंदवावी; १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेंतही ती कायम आहे. परंतु पुरांत घर गेलेल्या स्त्रीचें ‘घर’ म्हणजे शाळेचा एक वर्ग, जेथें आणखी तीस-चाळीस माणसें निजलेलीं असतात. तेथें एक खोली तिच्यासाठीं रिकामी कोण करून देणार, आणि घरच्यांखेरीज दुसरा दुभाष्या त्या रात्रीं कोठून आणणार, याची यादी पाणी चढण्यापूर्वींच तालुक्याच्या कचेरींत तयार असावी लागते.