अद्भुत प्राण्यांचा शोध आणि दूरचित्रवाणी



व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत नाना विषय येतात. त्या पंक्तीत हिममानव, सरोवरातला राक्षस आणि मत्स्यकन्या यांचेही पान वाढलेले पाहून काहींना नवल वाटेल. परंतु या प्राण्यांची वर्णने ऐकवावीत एवढाच माझा हेतू नाही. त्यांचा शोध घेतो म्हणून जे अनुबोधपट, म्हणजे हल्लीच्या भाषेत माहितीपट, दूरचित्रवाणीवर दाखविले जातात, त्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे. पुरावा कशाला म्हणावे, याचे धडे आज मुलांना शाळेइतकेच या पडद्यावरूनही मिळतात. आणि धडे कोण देतो, कसे देतो, हे पाहणे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

यांतल्या पुष्कळ माहितीपटांची घडण ठरलेली असते. रात्रीची वेळ, घनदाट अरण्य, अंधारातही दिसणाऱ्या कॅमेऱ्यातले हिरवट चित्र. कुठेतरी काडी मोडते. कोणी दचकून विचारतो, ‘ते काय?’ आणि नेमक्या त्याच क्षणी साबणाची जाहिरात लागते! जाहिरात संपल्यावर कळते की तो कोल्हा होता. तासाअखेर निवेदक गंभीर स्वरात सांगतो की शोध चालूच राहील. अमेरिकेत ‘बिगफूट’ नावाच्या केसाळ वनमानवाच्या शोधाची अशी एक मालिका २०११ पासून २०१८ पर्यंत चालली. वनमानव काही सापडला नाही. पण मालिका मात्र वर्षामागून वर्षे चालली. शोध संपणे ज्याच्या सोयीचे नाही, अशाच्या हाती शोध सोपविला म्हणजे याहून निराळे काय होणार?

आता स्कॉटलंडमधील लॉख नेस या सरोवराकडे वळू. लांबी सुमारे ३७ किलोमीटर, खोली सुमारे २३० मीटर, आणि पाणी काळसर. १९३३ साली तेथे राक्षसी प्राणी दिसल्याची बातमी स्थानिक पत्रात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस एका लंडनी वृत्तपत्राने मार्माड्यूक वेदरेल नावाच्या शिकाऱ्याला तिकडे धाडले. त्याला काठावर प्रचंड पावलांचे ठसे सापडले. तज्ज्ञांनी ते तपासले, तेव्हा ते पाणघोड्याच्या वाळवून भरलेल्या पायाचे निघाले! पुढे १९३४ च्या एप्रिलमध्ये लांब मानेचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र छापून आले. खेळण्यातल्या पाणबुडीवर बनावट मान बसवून ते काढले होते आणि त्यामागे याच वेदरेलचा हात होता, हे उघड व्हायला १९९४ साल उजाडावे लागले. साठ वर्षे त्या एका चित्राने जगाची कल्पनाशक्ती पोसली.

परंतु सगळेच माहितीपट एका माळेचे मणी नाहीत. २००३ साली बीबीसीने याच सरोवरावर एक कार्यक्रम केला. ध्वनिलहरींचे ६०० झोत सोडून सारे सरोवर विंचरून काढले. कोणताही राक्षस सापडला नाही. पण त्यांनी आणखी एक मार्मिक प्रयोग केला. पाण्याखाली कुंपणाचा एक खांब लपवून ठेवला आणि प्रवाशांची मोटार आली, तेव्हा तो हळूच वर काढला. मग प्रवाशांना, पाहिले ते काढून दाखवा, असे सांगितले. बहुतेकांनी चौकोनी काहीतरी काढले. पण काहींनी मात्र राक्षसाचे डोके काढले. श्रोतेहो, ही माणसे खोटे बोलत नव्हती. मनात आधीपासून जे चित्र होते, त्यात त्यांच्या डोळ्यांनी तो खांब बसवून टाकला. सरोवरात काय आहे याचा शोध घेताघेता त्या कार्यक्रमाने आपल्या डोक्यात काय आहे ते दाखविले, आणि मला तरी हा लाभ राक्षसाहून मोठा वाटतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण घ्या. २०१२ च्या मे महिन्यात अमेरिकेतील ‘अ‍ॅनिमल प्लॅनेट’ या वाहिनीने मत्स्यकन्येचे शरीर सापडल्याचा कार्यक्रम दाखविला. त्यातले शास्त्रज्ञ म्हणजे नट होते. हे सारे कल्पित आहे, ही कबुली शेवटच्या नामावलीत, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघून जाईल अशी होती. परिणाम असा झाला की अमेरिकन सरकारच्या सागर व वातावरण खात्याला, मानवसदृश जलचर असल्याचा पुरावा कधीही मिळालेला नाही, असे जाहीर करावे लागले. पुढच्याच वर्षी ‘डिस्कव्हरी’ने महाकाय मेगालोडॉन शार्क अजून जिवंत असल्याचा तसाच एक कार्यक्रम केला. हा मासा सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नष्ट झाला, असे जीवाश्मांचे अभ्यासक मानतात. तिथेही शास्त्रज्ञांच्या वेशात नटच होते.

कोणी म्हणेल, एवढे मनावर का घ्यावे? करमणूक आहे, झाले! लहानपणी बागुलबुवाच्या गोष्टी आपण ऐकल्याच ना? ऐकल्या, पण गोष्ट सांगणाऱ्या आजीने कधी शास्त्रज्ञाचा पांढरा डगला चढविला नव्हता. गोष्ट ही गोष्ट म्हणून आली, तर ती मनाला श्रीमंत करते. ती पुराव्याचे सोंग घेऊन आली, तर दुहेरी नुकसान होते. भोळा प्रेक्षक खोट्याला खरे मानतो. आणि एकदा फसलेला शहाणा प्रेक्षक उद्या खऱ्या शास्त्रज्ञाने साथीविषयी किंवा महापुराविषयी दिलेला इशाराही नाटक समजतो. दुसरे नुकसान मला अधिक भयंकर वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नामशेष समजलेला सीलाकँथ मासा १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालाच की नाही? मग हिममानव का मिळू नये? अवश्य मिळावा. मात्र सीलाकँथ मिळाला तो जाळ्यात. त्याचे प्रत्यक्ष शरीर हाती आले, ते कोणालाही तपासता आले. हिममानवाच्या बाबतीतही तीच कसोटी लावली गेली. एरिक शिप्टन याने १९५१ साली हिमालयात बर्फावरील मोठ्या पावलांची छायाचित्रे घेतली आणि जगभर कुतूहल उसळले. १९६० साली एडमंड हिलरीच्या मोहिमेने नेपाळातील खुमजुंगच्या मठातली, हिममानवाची म्हणून जपलेली टाळू तपासण्यासाठी परदेशी नेली. ती सेराव नावाच्या, शेळीच्या जातकुळीतल्या पहाडी जनावराच्या कातड्याची निघाली.

पुढे एका माहितीपटाच्या निमित्ताने जमविलेले हिममानवाचे नमुने शार्लट लिंडक्विस्ट या संशोधक बाईंकडे गेले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नऊ नमुन्यांपैकी आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. पण त्या तपासणीतून हिमालयातील तपकिरी अस्वलाची शाखा इतर तपकिरी अस्वलांपासून फार प्राचीन काळी वेगळी झाली, हे समजले. अस्तित्वच संकटात असलेल्या त्या अस्वलाविषयी नवे ज्ञान मिळाले. हिममानव गेला, अस्वल हाती लागले! तरी २०१९ साली आपल्याच सैन्याच्या खात्यावरून मकालू शिखराजवळ हिममानवाची पावले दिसल्याचे जाहीर झालेच. पुराणप्रिय मन सहजासहजी हार मानत नाही.

लॉख नेसचेही तेच. २०१८ साली न्यूझीलंडच्या नील गेमेल यांनी तेथील पाण्याचे सुमारे अडीचशे नमुने घेऊन त्यांत जीवांचे जनुकीय अवशेष शोधले. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नव्हता. ईल माशांचे अवशेष मात्र विपुल होते.

आणि शेवटी आपल्या खानदेशातली एक हकिकत. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला पक्षी १८८४ नंतर खात्रीलायकपणे कोणाला मिळाला नव्हता. कर्नल माइनर्ट्झहागेन या बड्या पक्षितज्ज्ञाने १९१४ साली तो गुजरातेत मिळविल्याचे सांगितले होते. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो संग्रहालयातूनच चोरलेला, पुन्हा भरून नवी चिठ्ठी लावलेला जुना नमुना निघाला. तो खोटा पत्ता बाद करून, जुने खरे नमुने जिथून मिळाले होते त्या जागी त्या गेल्या. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. खोटा पुरावा निर्दयपणे बाजूला केला, म्हणूनच खरा पक्षी भेटला.

म्हणून असे माहितीपट मुलांना दाखवूच नका, असे मी सांगणार नाही. खुशाल दाखवा, पण शेजारी बसा आणि दोन प्रश्न विचारावयास शिकवा. हा बोलणारा तज्ज्ञ कोण, कुठला? आणि काय आढळले असता हे लोक ‘नाही’ असे कबूल करतील? दुसऱ्या प्रश्नाला ज्या कार्यक्रमापाशी उत्तर नाही, तिथे शोध चाललेला नसून नुसता खेळ चालला आहे, हे मूल आपण होऊन ओळखील.