बांधीतला बुडबुडा



निंदणाला पाणी भरलेल्या बांधीत पाय टाकला की चिखलातून बुडबुडे येतात. आपण सगळ्यांनी ते पाहिलेत. आज त्या बुडबुड्याबद्दल बोलू.

त्यात मिथेन नावाचा वायू असतो. गोबर गॅसच्या टाकीतून येऊन शेगडी पेटवतो, तोच. बांधीत पाणी साचून राहिलं की मातीला हवा मिळत नाही. मग जुनी धसकटं, मुळं, न कुजलेलं शेण यांच्यावर जगणारे बारीक जीव मिथेन तयार करतात. हा वायू आभाळात गेला की उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचा हिशेब केला, तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट.

पण चिखलात तयार झालेला सगळाच मिथेन वर येत नाही. त्याला खाणारे जीवही तिथंच राहतात. काहींना हवा लागते. धानाचं रोप पानातून मुळापर्यंत हवा नेतं, म्हणून हे जीव मुळाजवळ असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर यांच्या गटानं धानाच्या शेतातून असे जीव वेगळे काढले आहेत. त्यातला एक तर काकडीच्या आकाराचा!

दुसरे जीव हवेशिवाय मिथेन खातात. तुम्ही म्हणाल, हे कसं? आपल्याला अन्नातून ताकद मिळवायला श्वासातला प्राणवायू लागतो. या जिवांचं तेच काम मातीतली खनिजं करतात. समुद्राच्या तळाशी सल्फेटच्या आधारानं दोन प्रकारचे जीव भागीदारीत मिथेन खातात, हे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी 2000 साली दाखवलं. नंतर कळलं की नायट्रेट, लोखंडाचा गंज आणि मँगनीजवरही हे काम चालतं. मँगनीज आपल्याला नवं नाही, शेजारच्या भंडारा आणि बालाघाटात त्याच्या खाणीच आहेत.

लोखंडाचा गंज तर तुमच्या हातातही येतो. धानाचं रोप उपटून मुळं धुवा. मुळांवर तांबूस थर दिसेल. मुळातून आलेली हवा मातीतल्या लोखंडाला लागते आणि तो गंज बसतो.

पण पाणी सतत साचलं की मातीतला गंज वापरून संपतो आणि मिथेन वाढतो. बांधी थोडी सुकली, मातीत हवा गेली, की लोखंड पुन्हा गंजतं. परत पाणी आलं की चिखलातले जीव आधी तो गंज वापरतात, आणि तोवर मिथेन बनणं अडून राहतं.

म्हणून उन्हाळी धानात, जिथं पाणी आपल्या हातात आहे, तिथं पाणी आलटून-पालटून द्यावं. फूटभर लांब पाइपाच्या खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा. तो अर्धा बांधीत गाडा आणि आतला चिखल काढा. पाइपातलं पाणी जमिनीच्या सहा इंच खाली गेलं की मगच मोटार लावा. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरुवात करा, आधी नको. नाहीतर तण माजतं, आणि निंदायला आपल्यालाच वाकावं लागतं. फुलोऱ्याच्या आधी आठवडाभर ते नंतर आठवडाभर मात्र दोन इंच पाणी राहू द्या. या काळात बांधी सुकली तर दाणा पोचट राहतो. युरियाही बेतानं टाका. सुकवलेल्या बांधीत तो जास्त झाला तर दुसरा तापदायक वायू निघतो.

नीट केलं तर पाणी बरंच वाचतं, मोटार कमी चालते आणि मिथेन जवळपास निम्म्यानं घटतो. पावसाळ्यात हे जमेलच असं नाही. तेव्हा निदान कच्चं शेण टाकू नका, चांगलं कुजलेलं खत टाका.

मोटार कधी लावायची, हे बऱ्याच घरांत आपल्याला विचारत नाहीत. पण चिखलात पाय आपलेच असतात. येत्या बैठकीला धानाचं एक रोप घेऊन या. मुळं धुवून तांबडा थर सगळ्यांना दाखवा. मग गटातल्या एका बांधीत पाइप गाडून बघा, आणि पाणी कितीदा दिलं ते वहीत लिहा. घरात बोलायला ती वही कामी येईल.