यजमानपद मागताना



अध्यक्षीय भाषणात गणिताच्या एखाद्या शाखेचा आढावा घ्यायचा, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मी तो बाजूला ठेवते. उद्या दुपारी सर्वसाधारण सभेपुढे पुढच्या अधिवेशनाच्या यजमानपदाचे प्रस्ताव यायचे आहेत, आणि त्याविषयी बोलणं मला जास्त निकडीचं वाटतं.

असे प्रस्ताव तुमच्यापैकी अनेकांनी लिहिलेही असतील. लेटरहेडवर दीड पान. संस्थेचा इतिहास, संस्थापकांचं कार्य, नॅकची श्रेणी, सभागृहाची आसनक्षमता, जवळचं देवस्थान. आणि शेवटी ‘निवास-भोजनाची उत्तम व्यवस्था करण्यात येईल’. लिहिणाऱ्यांची आस्था खरी असते. पण अधिवेशनाला कोण येणार आणि कोणाच्या खर्चाने येणार, याबद्दल त्या दीड पानात अवाक्षर नसतं.

गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय काँग्रेस दर चार वर्षांनी भरते. 2014 सालच्या काँग्रेसचं यजमानपद कोरियाने मागितलं, तेव्हा विकसनशील देशांतल्या एक हजार गणितज्ञांना सोलला येण्यासाठी मदत करू, असं वचन दिलं होतं. गणितात उशिरा पुढे आलेल्या या देशाने, आपल्यासारख्याच मागून येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवलं. त्याच काँग्रेसमध्ये मरियम मिर्झाखानी यांना फील्ड्स पदक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ज्यांना एरवी तिकीटसुद्धा परवडलं नसतं, असे किती तरी तरुण त्या वेळी तिथे होते! यजमानपदाचा प्रस्ताव कसा असावा, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आपल्याकडे हे एक हजार कोण, हे सांगायला नको. तासिका तत्त्वावर शिकवणारे आपले प्राध्यापक. तास घेतला तर मानधन, न घेतला तर नाही. त्यांना कर्तव्यरजा नाही. अधिवेशनाला तीन दिवस यायचं म्हणजे तेवढ्या तासांचं मानधन बुडवायचं, वर नोंदणी शुल्क आणि प्रवासखर्च खिशातून. शिष्यवृत्ती न मिळालेल्या संशोधक विद्यार्थ्यांचीही तीच गत. अनेक महाविद्यालयांत गणिताचे बरेचसे तास हीच मंडळी घेतात आणि गणिताच्या अधिवेशनात तीच दिसत नाहीत, ही मला आपल्या संघटनेची सर्वांत मोठी उणीव वाटते.

2010 ची काँग्रेस हैदराबादला झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे एम. एस. रघुनाथन आयोजन समितीचे अध्यक्ष होते, आणि फील्ड्स पदकं राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते दिली गेली. त्या काँग्रेसच्या आगेमागे देशात ठिकठिकाणी उपपरिषदा भरल्या, हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं. आपल्यालाही हे जमेल. अधिवेशन जिल्ह्याच्या ठिकाणी असलं, तरी बाहेरून आलेल्या व्याख्यात्याला एक दिवस तालुक्याच्या महाविद्यालयात नेता येतं. प्रस्तावात त्या महाविद्यालयाचं नाव आणि तारीख घालावी.

आता व्यवहाराच्या गोष्टी. प्रोजेक्टर आहे, हे सगळे लिहितात. फळा किती फुटांचा आहे, हे कोणी लिहीत नाही. स्मार्ट बोर्ड बसवताना जुने फळे काढून टाकलेली सभागृहं मी पाहिली आहेत. सिद्धता मांडणाऱ्याला दोन मोठे फळे लागतात, म्हणजे आधीची पायरी न पुसता पुढे जाता येतं. वसतिगृहातल्या खोल्या मोजताना न्हाणीघरंही मोजा. ऐंशी जणींना चार न्हाणीघरं असतील, तर साडेनऊच्या सत्राला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहणारच. तारखा ठरवण्याआधी विद्यापीठाचं परीक्षांचं वेळापत्रक समोर ठेवा.

पैशाचं म्हणाल, तर नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्ससारख्या संस्था परिषदांना अनुदान देतात. पण ते मिळेलच असं धरून अंदाजपत्रक मांडू नये. अनुदान आलं नाही तर कोणता खर्च कमी करणार, हे आधीच लिहावं. माझ्या मते स्मरणिका, शाली आणि बॅगा आधी जाव्यात. विद्यार्थ्यांच्या शुल्कातली सवलत सर्वांत शेवटी. पर्यायी व्यवस्थेचंही तसंच. 2022 ची काँग्रेस सेंट पीटर्सबर्गला व्हायची होती. फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं आणि काही दिवसांतच ती ऑनलाइन घ्यायचं ठरलं. पदकं हेलसिंकीत दिली गेली. आपल्यावर युद्ध ओढवणार नाही, पण निवडणुकीचं काम लागतं, परीक्षा पुढे ढकलल्या जातात, अतिवृष्टीने गाड्या रद्द होतात.

उद्या प्रस्ताव मांडले जातील तेव्हा प्रत्येक निमंत्रकाला एक प्रश्न जरूर विचारा: तासिका तत्त्वावरचे किती प्राध्यापक तुम्ही विनाशुल्क बोलावणार, आणि त्यांचा खर्च कुठून करणार? जे महाविद्यालय हा आकडा लेखी देईल, त्याचं सभागृह पत्र्याचं असलं तरी यजमानपद त्यालाच द्या, अशी माझी तुम्हा सर्वांना आग्रहाची विनंती आहे.