गेम ग्रेडिंगला पाठवताय? आधी खोका नीट बांधा

जुलै 2021मध्ये ‘सुपर मारिओ 64’ची एक सीलबंद प्रत लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरला गेली. ग्रेड होता 9.8. कोपरा दबला की ग्रेड पडतो आणि भावही. सीजीसीसारख्या ग्रेडिंग कंपन्या अमेरिकेत. देवगाव रंगारीहून तिथवर पार्सल किती हातांतून जाणार, विचार करा!

आधी सहाही बाजूंचे फोटो काढा. सीलवर चिकटपट्टी किंवा रबर अजिबात नको. गेम पारदर्शक कव्हरमध्ये, वर बबल रॅप, मग छोटा खोका, तो मोठ्या खोक्यात. मधली जागा गच्च भरा. हलवून बघा, आतून आवाज आला तर परत उघडा. पावसाळ्यात आतला खोका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. मे महिन्यात पार्सल गाडीच्या डिकीत ठेवू नका.

कस्टम्सच्या फॉर्मवर खरी किंमत लिहा. कमी दाखवली, तर हरवल्यावर भरपाई मागणार कशाच्या जोरावर? पाठवल्याचे कागद जपा. नाहीतर परत येताना आपल्याच गेमवर ड्युटी लागू शकते.

आणि हो, आपल्याकडच्या जुन्या टीव्ही गेमच्या बऱ्याच कॅसेट नकली असतात. नकलीला ग्रेड मिळत नाही. म्हणून फी भरण्याआधी अस्सल आहे का, ते तपासा. भेटू पुढच्या भागात!