अधूनमधून तुटणारी जोडणी : कारण आणि उपाय

(कर्मचारी व शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एका कार्यालयात जुन्या आदेशांच्या शोधासाठी इलॅस्टिकसर्च हा शोध-सर्व्हर बसविला होता. दुपारच्या सुटीनंतर एक निवृत्त गुरुजी आपल्या निवृत्तिवेतनाचा आदेश पाहावयास आले. पडद्यावर ‘जोडणी तुटली’ असे उमटले आणि लिपिकाने त्यांना उद्या येण्यास सांगितले. गुरुजी पायऱ्या उतरतात न उतरतात, तोच पुढचा शोध निर्विघ्न पार पडला! एका वृद्धास विनाकारण हेलपाटा पडला.

असा दोष लहरी वाटतो. परंतु त्यालाही नियम असतो. तेथील तांत्रिक सहकाऱ्यांनी आठवडाभर प्रत्येक त्रुटीची वेळ वहीत टिपली. बहुतेक त्रुटी दीर्घ विश्रांतीनंतरच्या पहिल्या शोधास आल्या होत्या आणि सर्व्हरच्या नोंदींत त्या शोधांचा मागमूसही नव्हता. म्हणजे दोष सर्व्हरमध्ये नसून वाटेत होता.

आपला प्रश्न सर्व्हरपर्यंत नेऊन उत्तर आणणाऱ्या आज्ञावलीस क्लायंट लायब्ररी म्हणतात. दरवेळी नवी जोडणी उभारण्यात वेळ जातो, म्हणून ती काही जोडण्या खुल्या राखून पुन्हा वापरते. वाटेवरील फायरवॉल मात्र बराच काळ निश्चल राहिलेली जोडणी आपल्या यादीतून काढून टाकते आणि पुष्कळदा कोणासही कळवीत नाही. लायब्ररी त्याच मृत जोडणीवर पुढील प्रश्न पाठविते. जोडणी जिवंत आहे काय, ही विचारपूस लिनक्स प्रणाली मूळ योजनेनुसार ७२०० सेकंदांनी, म्हणजे २ तासांनी सुरू करते. तीही आज्ञावलीने मागितली तरच.

उपाय तीन आहेत. फायरवॉलची मुदत जाणून घेऊन विचारपूस त्याहून कमी अंतराने करावी. निश्चल जोडणी त्या मुदतीपूर्वीच लायब्ररीने मिटवावी. शोध अडल्यास तो नव्या जोडणीवरून एकदा पुन्हा पाठवावा. नवी नोंद पाठविताना मात्र सावध असावे. नोंद पोहोचून केवळ तिची पोच हरवली असेल, तर दुसऱ्या प्रयत्नाने एकाच आदेशाच्या दोन नोंदी होतील. म्हणून प्रत्येक नोंदीस आपणच ठराविक क्रमांक द्यावा.

सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्याने दोष झाकला जातो, जात नाही. म्हणून ‘उद्या या’ म्हणण्यापूर्वी एकदा पुन्हा शोधावे आणि त्रुटीची वेळ टिपून ठेवावी, एवढीच आपणांस विनंती.

जय हिंद!