नियोजन मंडळ गेले, वाटपाचा प्रश्न उरला



नियोजन मंडळ हे संविधानाचे अपत्य नव्हते. संसदेच्या कायद्याचेही नव्हते. १५ मार्च १९५० रोजी मध्यवर्ती मंत्रिमंडळाने केलेल्या ठरावातून ते जन्मास आले. पंतप्रधान त्याचे अध्यक्ष. देशाच्या साधनसामग्रीचे मोजमाप करावे, तिच्या समतोल विनियोगाची योजना आखावी आणि अग्रक्रम ठरवावेत, हे त्याचे काम. भूमिका सल्लागाराची होती. परंतु राज्यांच्या योजनांना मिळणारे मध्यवर्ती साहाय्य त्याच्या हातून वाटले जाऊ लागले आणि सल्ल्याला सत्तेचे वजन आले.

या सत्तेला नियमाचे बंधन कोणते होते? पहिल्या तीन योजनांत जवळजवळ कोणतेच नव्हते. साहाय्य प्रकल्पागणिक ठरे. दिल्लीत ज्या राज्याचा शब्द चाले, त्याचे पारडे जड होण्यास मोकळा वाव होता.

१९६७ साली पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ मंडळाचे उपाध्यक्ष झाले. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपद सांभाळलेल्या या अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र चौथ्या योजनेपासून, म्हणजे १९६९ पासून लागू झाले. आसाम, नागालँड व जम्मू-काश्मीर यांच्या गरजा प्रथम बाजूस काढावयाच्या. उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के वाटप लोकसंख्येनुसार करावयाचे. दरडोई उत्पन्नातील मागासलेपण, करउभारणीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के द्यावयाचे. गरीब राज्यांच्या दृष्टीने हे सूत्र अपुरे होते, म्हणून पुढे ते बदलावे लागले. पण कोणत्याही आमदाराने कागद-पेन्सिल घेऊन आपल्या राज्याचा हिस्सा पडताळून पाहावा, अशी सोय त्याने केली. मर्जीची जागा नियमाने घेतली, हे त्याचे खरे मोल.

मंडळाच्या दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. विकासाची फळे प्रामुख्याने वरच्या थरांच्याच पदरात पडली, हे दांडेकर आणि रथ यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते. केंद्र पुरस्कृत योजना फोफावत गेल्या आणि सूत्राबाहेरून जाणारा पैसा वाढला. दिल्लीत आखलेल्या एकाच साच्यात कोकणची खाचरे आणि माणदेशची माळराने बसवावयाची, हा आग्रहही चुकीचाच होता.

१५ ऑगस्ट २०१४ रोजी मंडळ गुंडाळण्याची घोषणा झाली. १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आला. तो विचार करतो, सल्ला देतो, राज्यांचे क्रमांक लावतो. राज्यांना योजना-साहाय्य वाटण्याचा अधिकार त्याला नाही. बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपली; तेरावी आलीच नाही. चौदाव्या वित्त आयोगाने करातील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला, मग तक्रार कशाची, असा युक्तिवाद केला जातो. ही वाढ मोलाची होती, यात शंका नाही. परंतु उपकर आणि अधिभार यांचे उत्पन्न या वाटणीत येतच नाही आणि केंद्र पुरस्कृत योजनांच्या चाव्या मंत्रालयांच्याच हाती आहेत. सूत्र सांगणारी संस्था गेली, वाटप करणारा हात मात्र दिल्लीतच राहिला.

म्हणून जुन्या मंडळाचे श्राद्ध घालीत बसण्यात अर्थ नाही आणि त्याच्या मरणाचा जल्लोष करण्यातही नाही. पैसा कोण वाटतो, कोणत्या नियमाने वाटतो आणि त्याचा जाब कोठे विचारता येतो, हे तीन प्रश्न कायम आहेत. त्यांची सुरुवात जिल्ह्यापासून करता येईल. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली आहे. महाराष्ट्रात तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. तिच्या आराखड्यात कोणत्या तालुक्याला किती मिळाले आणि कोणत्या निकषावर मिळाले, हे कार्यकर्त्यांनी वाचावे, गावसभेत मांडावे आणि निकष नसेल तर तो मागावा. नियोजन ही तज्ज्ञांची मिरास नव्हे. ज्याच्या शेतापर्यंत पाट पोचला नाही, त्याने विचारलेल्या प्रश्नापासून ते सुरू होते.